आधी बिघाड शोधा, मग पाना उचला

(घरातल्या लहान दुरुस्त्यांवरच्या रविवारच्या वर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला आज बाथरूममधल्या शॉवरवर बोलायला सांगितलं आहे. मी प्लंबर नाही. पदवी इंजिनिअरिंगची आहे, पण दिवसभराचं काम संगणकासमोर बसून प्रोग्राममधले बिघाड शोधण्याचं. त्या कामातली एक सवय नळालाही लागू पडते. जिथे त्रास दिसतो तिथेच बिघाड असतो असं नाही. म्हणून काही उघडण्याआधी बिघाड कुठे नाही हे ठरवायचं, उरलेल्या जागेत शोधायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दुरुस्ती कशामुळे झाली ते कळत नाही, आणि तोच त्रास पुन्हा आला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सगळ्यात जास्त येणाऱ्या तक्रारीपासून सुरुवात करू. शॉवरला धार नाही. तीन प्रश्न विचारा. खालच्या बादलीच्या नळाला धार नीट आहे का? गरम आणि गार दोन्ही मंद आहेत, की एकच? स्वयंपाकघरातला नळ कसा चालतो?

खालचा नळ जोरात आणि फक्त शॉवर मंद असेल, तर टाकी, मोटार, मुख्य पाइप सगळे निर्दोष सुटले. बिघाड शॉवरच्या जाळीत आहे किंवा डायव्हर्टरमध्ये. डायव्हर्टर म्हणजे पाणी खाली सोडायचं की वर, हे ठरवणारा खटका. आता शॉवरचं तोंड फडक्याने धरून हाताने फिरवून काढा आणि पाणी सोडा. नुसत्या दांडीतून जोरात पाणी आलं तर जाळी तुंबली आहे. तिथेही मंदच आलं तर डायव्हर्टर बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यातून नवा शॉवर आणायचा की नाही हे ठरतं.

फक्त गरम पाणी मंद असेल तर गीझरकडे जा. त्याच्या खालचा अँगल कॉक कुणी अर्धा बंद ठेवलाय का, गीझरच्या तोंडाशी क्षार साचलाय का, उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह अडकलाय का, या क्रमाने. सगळ्याच नळांना धार नसेल तर बाथरूममध्ये काही उघडू नका. गच्चीवर जा. टाकी नुकतीच धुतली असेल तर तळाचा गाळ पाइपात उतरलेला असतो किंवा पाइपात हवा अडकलेली असते.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एक हिशेब. पाण्याच्या एक मीटर उंचीमागे साधारण ०.१ बार दाब मिळतो. टाकीचं पाणी तुमच्या शॉवरपेक्षा ३ मीटर वर असेल तर दाब ०.३ बार. ताटाएवढ्या मोठ्या शॉवरच्या खोक्यावर किमान दाब छापलेला असतो, आणि तो बऱ्याचदा याहून जास्त असतो. तिथे बिघाड काहीच नसतो. कितीही शॉवर बदला, धार तीच राहणार. एक तर लहान तोंडाचा साधा शॉवर लावा, नाही तर दाब वाढवणारा पंप बसवा.

आता जाळीची सफाई. बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी आपल्याकडे बहुतेक वेळा जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की त्यातले काही क्षार पांढऱ्या थराच्या रूपात बाहेर पडतात, म्हणून गरम पाण्याचा भाग आधी तुंबतो. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. तुमच्या सोसायटीने बोअरचं पाणी तपासून घेतलं असेल तर तो अहवाल मागा. आकडा मोठा असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी जाळी साफ करावी लागणार हे आधीच कळेल.

सफाईला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व किंवा पांढरं व्हिनेगर पुरतं. कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घाला, शॉवरचं तोंड तासभर त्यात बुडवून ठेवा आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासा. रबराच्या बारीक नळ्या असतील तर त्या बोटाने चोळल्या तरी क्षार सुटतो. बाहेरून सुई खुपसू नका, खडा आत जाऊन बसतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड वापरू नका, चकाकी उडते. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

दुसरी तक्रार, गळणारा शॉवर. बंद केल्यावर दोन-चार मिनिटं थेंब पडत असतील तर ते वरच्या तोंडात राहिलेलं पाणी आहे, बिघाड नाही. रात्रभर पडत असतील तर आत पाणी अडत नाहीये. पाण्याचा अंदाज बांधायचा असेल तर खाली पेला ठेवा. तासात पाव लिटर जमलं तर दिवसाला ६ लिटर, वर्षाला जवळजवळ २,२०० लिटर. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे पाणी सगळ्यांच्या पैशातून जातं.

गळती गरम बाजूची की गार बाजूची? आधी गीझर बंद करा, मग त्याच्या आत जाणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद करा. गार पाणी आत गेल्याशिवाय साध्या साठवणीच्या गीझरमधून गरम पाणी बाहेर ढकललं जात नाही. थेंब थांबले तर गरम बाजूचा स्पिंडल खराब, चालू राहिले तर गार बाजूचा.

मग बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या आणि न्हाणीच्या जाळीवर फडकं टाका. स्क्रू तिथेच पडतो आणि आत जातो. मुठीवरची टोपी काढा, स्क्रू काढा, स्पिंडल पान्याने सोडवा. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या. जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा, वर्णन करून आणलेला भाग बहुधा बसत नाही. जुन्या नळात नुसता वायसर बदलून भागतं. अर्ध्या फेऱ्यापेक्षा कमीत उघडणाऱ्या नळात आत सिरॅमिकच्या चकत्या असतात, तिथे पूर्ण स्पिंडल बदलतात. गरम आणि गार बाजूचे स्पिंडल उलट-सुलट दिशेने फिरणारे असू शकतात, त्यांची अदलाबदल करू नका.

शॉवरची दांडी भिंतीत जाते तिथे आट्यांमधून पाणी येत असेल तर टेफ्लॉन टेप लागते. आटे स्वतःकडे धरा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून आठ-दहा वेढे द्या. उलटी गुंडाळली तर दांडी बसवताना ती सुटत जाते. आणि जोर बेताने लावा. बाहेरची गळती थांबवायला जाऊन भिंतीतला जोड तडकला, तर टाइल फोडावी लागते.

आता गळतीबद्दलच, पण भांडणापर्यंत जाणारी. मी ज्या इमारतीत राहतो तिथला हा प्रसंग. एका काकांच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. वरच्या घरात भाडेकरू होते, चार माणसांचं कुटुंब. हे घर मिळण्याआधी त्यांनी किती दारं ठोठावली होती ते मला माहीत होतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन दिवसांत निकाल लागला. वरचे लोक पाणी फार सांडतात. मग कुणी तरी लिहिलं, ‘अशा लोकांना घर दिलंच कशाला?’ घरमालकाला फोन गेला. महिन्याअखेर घर रिकामं करा, इथपर्यंत बोलणं आलं. तोवर एकानेही नळ बंद करून बघितला नव्हता.

मी काकांना म्हटलं, तीन दिवस द्या, आणि मोजायचं ते तुम्ही स्वतः मोजा. ते तयार झाले. ठिबकणाऱ्या जागेखाली त्यांनी पातेलं ठेवलं. रोज सकाळी आठ वाजता ते मापाने पाणी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचे. पहिला दिवस नेहमीसारखा जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी वरच्यांनी ते बाथरूम अजिबात वापरलं नाही. न्हाणीच्या जाळीत प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं फडकं घट्ट बसवलं, उंबऱ्याच्या खालीच राहील इतकं पाणी साचवलं आणि टाइलवर पेनाने रेघ मारली. फरशीतून किंवा सांडपाण्याच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर रेघेपासून पातळी उतरते. चोवीस तासांनी पाणी जवळजवळ रेघेवरच होतं. तिसऱ्या दिवशी साचलेलं पाणी काढून टाकलं आणि त्या बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह दिवसभर बंद ठेवला. शॉवरचा भिंतीतला पाइप फुटला असता तर ठिबकणं कमी व्हायला हवं होतं.

काकांच्या कॅलेंडरवरचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे होते.

म्हणजे फरशी सुटली आणि भिंतीतला पाइपही सुटला. उरला बाहेरचा डक्ट. तिथे गच्चीच्या टाकीवरून खाली येणाऱ्या सामायिक पाइपचा एक जोड झिरपत होता आणि पाणी स्लॅबच्या कडेने आत येत होतं. सोसायटीच्या खर्चाने जोड बदलला. काका स्वतः जिना चढून वर गेले आणि त्या ताईंना म्हणाले, ‘आमच्याकडून बोलण्यात जास्त झालं.’ कुटुंब अजून तिथेच राहतं.

ही तपासणी तुम्हीही करू शकता. पद्धत सोपी आहे: अंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर संशय सांडपाण्यावर आणि टाइलच्या फटींवर. वापर नसतानाही सारखीच राहत असेल तर दाबाखालच्या पाइपवर. मोजणी मात्र दोन्ही घरांनी मिळून करायची. एकट्याने काढलेला आकडा दुसऱ्याला पटत नाही, आणि ज्याची तक्रार आहे त्याने स्वतः मोजलं की वाद घालायला काही उरत नाही.

आता हात कुठे थांबवायचा तेही सांगतो. नळाला किंवा पाण्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर ताबडतोब बाजूला व्हा, कोरड्या हाताने घरातला मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ‘थोडासाच झटका येतो’ हे वाक्य घरात कुणी बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. गीझरला अर्थिंग आहे का आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे एकदा तपासून घ्या. त्यावरचं चाचणीचं बटण मधूनमधून दाबून बघा. दाबल्यावर वीज गेली तर तो काम करतोय.

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेत हलवून घ्या. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. अंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि दाराची कडी उघडण्याइतकीही शुद्ध राहत नाही. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात.

भिंतीच्या आतलं काम प्लंबरलाच द्या. आपल्या शहरांत हे काम करणारे कितीतरी कारागीर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातून आलेले आहेत. त्या भागाचं नाव या हुन्नरासाठी देशभर माहीत आहे. तुम्ही आधी तपासणी केलेली असेल तर त्यांना नेमकं सांगता येतं: गार बाजू ठीक आहे, गरम बाजू गळते, जोड तपासलाय. त्यांचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात. आणि अर्ध्या तासात काम झालं म्हणून मजुरीत घासाघीस करू नका. ते अर्ध्या तासात व्हावं म्हणून त्याने कित्येक वर्षं हात चालवलेला असतो.

शेवटी एक काम देतो. आज घरी गेल्यावर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा आणि तो खरंच बंद होतो का बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह ऐनवेळी जाम निघतो, तेव्हा जोर न लावता हळूहळू मागेपुढे करून मोकळा करा. मग घरातल्या प्रत्येकाला तो बंद करून दाखवायला सांगा. अम्मीला, आजीला, सातवीतल्या मुलीलाही. पाइप फुटतो तेव्हा बहुधा दुपार असते, घरातले पुरुष बाहेर असतात, आणि जो घरात असतो त्यालाच तो व्हॉल्व्ह फिरवावा लागतो.

टेबलावर जुने स्पिंडल, टेप आणि दोन पाने ठेवले आहेत. पुढे या आणि एकदा स्वतः उघडून जोडून बघा.