काहून?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आपले सगळे सर आणि मॅडम, आणि समोर बसलेल्या, इतक्या वर्षांनंतरही मागचाच बाक पकडणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी फोन केला तेव्हा मला विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग'. मी पुण्यात वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला येणं साहजिकच होतं. पण माझ्या घरी सहा वर्षांची एक नैसर्गिक बुद्धिमत्ता राहते. ऑफिसातली बुद्धिमत्ता त्या मानानं फार गरीब स्वभावाची. तिला आपण प्रश्न विचारायचे, ती उत्तर देते. घरी उलटं आहे. म्हणून संयोजकांची परवानगी काढून मी आज घरच्या बुद्धिमत्तेवर बोलणार आहे.

आमची लेक पुण्यात वाढली, त्यामुळे ती आधी 'का?' असं विचारायची. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर आजीकडे कामठीला राहिली आणि 'काहून?' घेऊन परत आली. पुण्याच्या शाळेतल्या ताईंनी मला थांबवून विचारलं, "काहून म्हणजे काय हो? ती दिवसभर तेच म्हणते." मी म्हटलं, "का-चाच मोठा भाऊ आहे." 'का'ला आपण चालता चालता काहीतरी उत्तर देऊन पुढे जाऊ शकतो. 'काहून' म्हणणारा माणूस खुर्ची ओढून समोर बसतो.

त्या सुट्टीत आम्ही कोराडीच्या बाजूनं येत होतो. मी सहज म्हटलं, "ते बघ, कोराडीच्या चिमण्या."

"कुठे?"

"त्या काय, उंच."

"त्या चिमण्या आहेत? मग उडत काहून नाहीत?"

"अगं, त्या धुराच्या चिमण्या आहेत."

"त्या धूर खातात?"

"खात नाहीत, सोडतात."

"मग त्यांचं पोट बिघडलं असेल."

आता हा विषय इथे सोडणं शक्य नव्हतं. मी अभियांत्रिकीची पदवी पणाला लावून समजावलं. खाणीतून कोळसा येतो, तो जाळून पाणी उकळतात, पाण्याची वाफ होते, वाफेनं एक मोठं चाक गरगर फिरतं, त्यातून वीज तयार होते आणि ती तारेतून आजीच्या घरी येते. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आजीचा पंखा चहाच्या पाण्यावर चालतो." चार वर्षं शिकून मला औष्णिक वीज केंद्राचं इतकं आटोपशीर वर्णन कधी जमलं नव्हतं.

आपल्याला वाटतं, लहान मुलं लक्ष वेधून घेण्यासाठी प्रश्न विचारतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. २००९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेत जायच्या आधीच्या वयाची मुलं मोठ्यांशी बोलताना काय करतात, ते त्यांनी पाहिलं. 'का'ला खरंखुरं कारण मिळालं, की मूल मान डोलावतं किंवा त्याच धाग्यातला पुढचा प्रश्न विचारतं. कारण न देता नुसतं काहीतरी बोललं, की मूल तोच प्रश्न पुन्हा विचारतं, नाही तर स्वतःच एखादं कारण तयार करतं. म्हणजे तोच प्रश्न पाचव्यांदा येतो, तेव्हा मुलाचं डोकं फिरलेलं नसतं. आधीच्या चार वेळा आपण उत्तर दिलेलं नसतं, एवढंच.

आमच्या धंद्यातही असंच आहे. एखादी मोठी यंत्रणा बंद पडली, की आम्ही सगळे एका खोलीत बसतो आणि 'असं का झालं?' हे पाच वेळा विचारतो. टोयोटाच्या मोटार कारखान्यातून आलेली ही पद्धत आहे. त्यासाठी आम्हाला खास प्रशिक्षण देतात, प्रमाणपत्र देतात. लेकीला हे सांगितल्यावर तिनं विचारलं, "पाचच वेळा काहून?"

आता खऱ्या मुद्द्यावर येते. या मेळाव्याची यादी आली, तेव्हा ती मी घरी कागदावर छापून घेतली. लेक पहिलीत आहे, नव्यानं वाचायला शिकली आहे, आणि नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसापासून घरातला कोणताही कागद सुरक्षित नसतो. ती बोट ठेवून यादी वाचत होती. एका ठिकाणी थांबली.

"आई, हिचं नाव तुझंच आहे. पण आडनाव दुसरं आहे."

"ती मीच आहे."

"मग तू दोन आहेस?"

"नाही गं. लग्नाआधी माझं नाव ते होतं."

"मग कोणी बदललं?"

"लग्नानंतर बदललं."

"बाबाचं काहून नाही बदललं? त्याचंपण लग्न झालं होतं ना?"

बाबा त्या वेळी शेजारीच बसला होता. त्याला अचानक आठवलं, की गॅसवर दूध ठेवलं आहे. गॅसवर दूध नव्हतं.

मी लेकीला सांगितलं, की कायद्यानं नाव बदलावंच लागतं असं नाही, पण तशी पद्धत आहे. मला नवऱ्याचं आडनाव आवडतं आणि माहेरचंही आवडतं. फक्त माझी गुणपत्रिका आणि पदवी एका नावाची, पासपोर्ट आणि पगाराची पावती दुसऱ्या नावाची. त्यामुळे ही दोन्ही माणसं एकच आहेत हे सांगायला मी लग्नाचा दाखला सोबत बाळगते. एका कार्यालयात तर खिडकीतल्या साहेबांनी मला विचारलं होतं, "या पहिल्या बाई कुठे आहेत?" लेक म्हणाली, "सांगायचं ना, हरवल्या."

मग तिनं यादीतल्या सगळ्या मुलांची नावं तपासली. एकाचंही बदललेलं नव्हतं. आता तिला स्वतःच्या नावाची काळजी वाटू लागली. तिचं नाव, मग बाबाचं, मग आडनाव. "यात तू कुठे आहेस?" मी म्हटलं, आता नियम झाला आहे. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. यावर तिची तक्रार अशी, की "मग मला इतक्या लवकर काहून आणलं?"

दिवाळीत कामठीला आलो, तर हा प्रश्न आजीपर्यंत गेला. माझ्या आईचं तर लग्नात पहिलं नावही बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात, ही रीत तुम्हाला माहीतच आहे. आजीनं मोठ्या कौतुकानं ती सांगितली. लेकीनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या तांदळाचा भात केला?"

"केला असंन बाप्पा."

"म्हणजे तुझं नाव सगळ्यांनी खाल्लं?"

आई इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. मग लेकीनं विचारलं, "पण तुझं आधीचं नाव काय होतं?" आईनं सांगितलं. ते नाव मी इथे सांगणार नाही, कारण आईची परवानगी घेतलेली नाही. पण तुम्हाला एवढं सांगते, की मला ते माहीत असूनही मी आईच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं. लेक दुसऱ्या दिवशी दुपारभर आजीला त्याच नावानं हाका मारत होती. पहिल्या हाकेला आई दचकली. दुसऱ्या हाकेला स्वयंपाकघरातून "ओ" आलं. त्या नावानं हाक मारणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत.

त्याच सुट्टीत आम्ही बिना संगमावर गेलो होतो. लहानपणी आपण सगळेच तिथे गेलो आहोत. मी लेकीला दाखवलं, ही कन्हान, ही पेंच, ही कोलार. तिघी इथे भेटतात आणि पुढे जातात.

"पुढे कोणाचं नाव?"

"कन्हानचं."

"मग पेंच आणि कोलारचं लग्न झालं."

मी सांगितलं, की थांब, पुढे कन्हानही वैनगंगेला मिळते आणि तिचंही नाव जातं. मग वैनगंगा आणि वर्धा भेटतात, तिथून पुढे दोघींचीही नावं जातात आणि नदीला प्राणहिता म्हणतात. शेवटी प्राणहिता गोदावरीला मिळते. लेकीनं यातलं एकच पसंत केलं. "वर्धा आणि वैनगंगेचं बरं आहे. दोघींनी नवीन नाव घेतलं." आणि गावाकडे परतताना तिला कळलं, की इंग्रज इथे १८२१ साली छावणी घेऊन आले आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये कामठीच्या मधोमध एक 'पी' बसवून गेले. तर तिनं विचारलं, "कामठीचंपण लग्न झालं होतं काय?"

आपण हसतो. पण मला या यादीबद्दल तुमच्याशी खरंच बोलायचं आहे. या मेळाव्यासाठी आपण सगळ्यांनी जुने सोबती शोधले. आपल्या तुकडीतली मुलं भराभर सापडली. नाव टाकलं, की फोटो, नोकरी, गाव, सगळं समोर. मुली शोधताना मात्र हात टेकावे लागले. आपल्याला आठवतं ते नाव आता कुठेच नाही, आणि आता आहे ते नाव आपल्याला माहीत नाही. कुणाचा भाऊ सापडला, कुणाच्या माहेरचं जुनं किराणा दुकान सापडलं, त्यावरून ती सापडली. ज्यांना भाऊ नव्हता किंवा ज्यांच्या माहेरचं घर विकलं गेलं, त्यांच्या नावापुढे यादीत रिकामी जागा आहे. त्यात माझ्या बाकावर बसणारी मैत्रीणही आहे. तिची भूमिती इतकी चांगली होती, की प्रमेय कळलं नाही तर मी आधी तिला विचारायची, मग सरांना. ती जिवंत, सुखरूप, कुठेतरी या देशातच असणार. फक्त कुठल्या नावानं शोधायची, ते मला ठाऊक नाही.

लेकीनं तो रिकामा रकाना पाहून विचारलं, "हिला कोणी शोधलं काहून नाही?" मी म्हटलं, "शोधतोय." ती म्हणाली, "मग उत्तर शोधतोय असंच लिही ना. रिकामं काहून ठेवलं?"

आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात, की माणसाची ओळख नावावर बांधू नका. नावं बदलतात, दोघांची सारखीही असतात. प्रत्येकाला असा क्रमांक द्या, जो कधी बदलणार नाही. मला तेव्हा ही फार आधुनिक गोष्ट वाटली होती. प्रत्यक्षात आपल्या शाळेनं ती फार आधीच केलेली आहे. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आपल्या प्रत्येकाचा एक क्रमांक आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो आहे. लग्न झालं, गाव सुटलं, नाव तांदळात गेलं, तरी तो क्रमांक तिथेच आहे.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली संयोजकांना. स्मरणिकेत प्रत्येकीचं शाळेतलं नाव आधी आणि मोठ्या अक्षरात छापा, आताचं नाव त्याच्या खाली. सोबत रजिस्टर क्रमांक द्या. मुलांचंही तसंच छापा, म्हणजे कोणी विचारणार नाही, की यांचंच काहून. जिचा पत्ता लागला नाही, तिच्या नावापुढे जागा रिकामी ठेवू नका. तिथे 'शोध सुरू आहे' असं लिहा.

दुसरी विनंती तुम्हा सगळ्यांना. आज घरी गेल्यावर आपापल्या आईला, आजीला, काकूला विचारा, की लग्नाआधी तुझं नाव काय होतं. त्यांच्या शाळेच्या मैत्रिणीही कुणी ना कुणी शोधत असतील. आणि घरातलं एखादं पोर मध्येच 'काहून' म्हणालं, तर कृपा करून त्याला खरं उत्तर द्या. नसेल माहीत तर तसं सांगा. ते पोर आपल्याहून जास्त दिवस शोधत राहील.

भूमितीवाली कुणाला भेटली, तर तिला एवढाच निरोप द्या. तिचा कंपास अजून माझ्याकडे आहे.