तरुणांचा सोबती : सर जॉर्ज विल्यम्स

इंग्लंडातील एका शेतकऱ्याचे पुत्र जॉर्ज विल्यम्स १८४१ साली लंडनला येऊन एका कापडाच्या पेढीत नोकरीस राहिले. पेढीतील तरुण माडीवरच दाटीने निजत. दिवसभर राबावे आणि रात्री गुत्ता गाठावा, असा पुष्कळांचा क्रम असे. घर दूर, हटकणारे कोणी नाही. विल्यम्स यांनी त्यांची निंदा केली नाही. आपल्याच खोलीत प्रार्थनेस व बायबलच्या वाचनास त्यांना बोलाविले. ६ जून १८४४ रोजी १२ तरुणांनी मिळून जी संस्था स्थापिली, तीच वाय्. एम्. सी. ए. होय. मुंबईस तिची शाखा १८७५ साली निघाली.

या सेवेसाठी विल्यम्स यांनी ना व्यापार सोडला, ना संसार. १८५३ साली पेढीच्या मालकांच्याच कन्येशी त्यांचा विवाह झाला. पुढे पेढीचा कारभारही त्यांच्याकडे आला. १८९४ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि १९०५ साली निधनानंतर सेंट पॉलच्या भव्य मंदिरात त्यांचे दफन झाले. परंतु घर सोडून शहरात आलेल्या मुलास पगाराइतकीच सोबतीचीही गरज असते, हे त्यांनी ओळखले ते त्या दाटीच्या माडीवर; आणि वैभव आल्यावरही ते विसरले नाहीत.