दहा हजारांची रेघ

(सौंसर येथे सभासदांच्या बैठकीत केलेले भाषण)



घरातला एक जण नोकरीला आणि बाकीचे शेतीला, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणून हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरचा आहे : वडिलांना पेन्शन आहे, मग किसान सन्मान निधी मिळतो की नाही?

केंद्राने ही योजना 2019 मध्ये आणली. वर्षाला 6,000 रुपये, त्यावर मध्य प्रदेश सरकारचे आणखी 6,000. केंद्राच्या यादीतून नाव गेले की दोन्ही जातात. महिन्याची पेन्शन 10,000 किंवा जास्त असली की शेतकरी अपात्र. चतुर्थ श्रेणीला ही अट नाही. आयकर भरणारा मात्र बाहेरच.

ऐकीव माहितीमुळे नुकसान दोन्हीकडून होते. बोरगावच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले काही जण शेती असूनही ‘आम्हाला पेन्शन आहे’ म्हणून अर्जच करत नाहीत. अहो, ती ईपीएस-95 ची पेन्शन! तिची किमान रक्कम 2014 पासून 1,000 रुपये. दहा हजारांपर्यंत पोचते किती जणांची? उलट निवृत्त गुरुजींच्या घरी, जमीन काकूंच्या नावे आहे म्हणून अर्ज होतो. तो चालत नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालील मुले. एकाची पेन्शन दोघांना लागते, आणि उचललेले हप्ते परत मागितले जातात.

सज्ञान मुलाला वेगळे धरतात. पण जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी त्याच्या नावावर चढलेली हवी. त्यानंतर वडील वारल्यावर वारसाने आली तर चालते, आज वाटणी करून उपयोग नाही. बाप हयात असताना वाटणी मागणे आपल्याकडे वाईट दिसते. त्या संकोचाची ही किंमत.

अमेरिकेत कमी कमाईच्या कष्टकऱ्याला करात सवलत मिळते. तिथेही पेन्शन कष्टाची कमाई धरत नाहीत, पण उत्पन्नाची मर्यादा तपासताना मोजतात. मात्र ती मर्यादा महागाईबरोबर दरवर्षी वाढते. आपली रेघ 2019 पासून तिथेच. 9,700 ची पेन्शन महागाई भत्त्याने 10,100 झाली, की महिन्याला 400 वाढतात आणि 1,000 जातात. ही कुठली वाढ?

ही रेघ महागाई भत्त्याबरोबर सरकावी, एवढेच मागणे आपण खासदारांकडे लेखी देऊ. ज्यांच्या घरी असे प्रकरण असेल त्यांनी खसरा आणि पेन्शनचा कागद घेऊन बैठकीनंतर थांबावे.