चढून आलेले पाणी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत नळाच्या पाण्यासारखा विषय आम्ही निवडला, याचे काही मंडळींना आश्चर्य वाटले. नाट्यसंगीत आहे, संतवाङ्मय आहे, शहाजीराजांपासून चालत आलेला या शहराचा मराठी संबंध आहे. हे सारे सोडून पाण्यावर काय बोलणार, असे त्यांनी आम्हांला विचारले. आमचे उत्तर साधे आहे. कावेरी योजनेचा पहिला टप्पा १९७४ साली पुरा झाला आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच आपले मंडळ स्थापन झाले. मंडळ आणि कावेरीचे पाणी ही या शहरातील जवळजवळ समवयस्क भावंडे होत. पन्नास वर्षांत मंडळाचे जमाखर्च आपण दर वर्षी वाचून मंजूर केले. ज्या पाण्यावर या पन्नास वर्षांतला आपला स्वयंपाक झाला, त्याचा जमाखर्च एकदाही मांडला नाही. तो आज मांडावा, एवढाच हेतू.

बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पाणलोटाच्या कण्यावर वसले आहे. पुण्याला मुठा आहे, नाशिकला गोदावरी आहे, सांगलीला कृष्णा आहे. येथे अशी मोठी नदी नाही. येथून पाणी वाहून जाते, येथे ते येत नाही. म्हणूनच १५३७ मध्ये केंपेगौडांनी शहर वसविले तेव्हापासून येथील जीवन तळ्यांवर, म्हणजे कानडीत ज्यांना 'केरे' म्हणतात त्यांच्यावर चालले. एका तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात उतरावा अशी ती साखळी होती. त्या साखळीचे पुढे काय झाले हे पाहावयास दूर जावे लागत नाही. आपण सारे ज्या मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर कधी ना कधी उतरलो, तेथे धर्मांबुधी तळे होते. जेथे कंठीरव क्रीडांगण आहे, तेथे संपंगी तळे होते. तळे बुजवून बसस्थानक केले याबद्दल कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. नळ आले, तळ्यांची गरज संपली, असे त्या काळी सर्वांनाच वाटले.

नळाचे पाणी प्रथम १८९६ मध्ये अर्कावती नदीवरील हेसरघट्ट जलाशयातून आले. ते अपुरे पडू लागले तेव्हा १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण पुरे झाले. या दुसऱ्या योजनेमागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा सल्ला होता. पुण्यात शिकलेले, नाशिक-खानदेशात नोकरी केलेले हे अभियंते. त्यांच्या स्वयंचलित दरवाजांचा प्रयोग पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये झाला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. परंतु अर्कावती लहान नदी. तिच्या खोऱ्यात वस्ती वाढली, कूपनलिका झाल्या, सांडपाणी उतरू लागले आणि कालांतराने तिप्पगोंडनहळ्ळीचे पाणी पिण्यासाठी उपसणे थांबवावे लागले. दोन पिढ्यांत एक नदी आपण संपविली. दुसरी मागावयास आपण शंभर किलोमीटर दूर गेलो.

१९६४ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी व जलनिस्सारणासाठी स्वतंत्र मंडळ कायद्याने स्थापन झाले. कानडीत त्याला 'जलमंडळी' म्हणतात. आपणही त्याला जलमंडळ म्हणू, म्हणजे आपल्या मंडळाशी घोटाळा होणार नाही. या जलमंडळाने कावेरीचे पाणी टप्प्याटप्प्याने आणले. १९७४ व १९८२ चे पहिले दोन टप्पे दिवसाला प्रत्येकी १३.५ कोटी लिटरचे होते. २०१२ मध्ये चौथा टप्पा पुरा झाला तेव्हा एकूण पुरवठा सुमारे १४५ कोटी लिटरांवर गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या टप्प्याची क्षमता एकट्याची ७७.५ कोटी लिटर आहे. आकडे मोठे आहेत, त्यांनी दिपून जाणे सोपे आहे. आम्हांला मात्र त्यांपेक्षा एक लहान आकडा महत्त्वाचा वाटतो. तो आहे चढाचा.

कावेरीचे पाणी तोरेकाडनहळ्ळी येथे शुद्ध होते आणि तेथून हारोहळ्ळी व तातगुणी येथे पुन्हा उचलले जात, तीन टप्प्यांत सुमारे अर्धा किलोमीटर उंची चढून आपल्या घरी येते. हजार लिटर पाणी पाचशे मीटर उचलावयाचे तर निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने १.३६ युनिट वीज लागते; पंपांतील व नळांतील घट धरली की दोन युनिटांच्या आसपास. गंमत अशी, की याच नदीच्या शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेल्या विजेने १९०५ मध्ये या शहरात दिवे लागले. नदी खाली पडताना आपणांस वीज देत होती. आता तिला वर चढविण्यासाठी आपण वीज खर्च करतो.

आता दर पाहा. २०१४ पासून मार्च २०२५ पर्यंत घरगुती वापरातील पहिल्या ८,००० लिटरांस हजारी ७ रुपये असा दर होता. उचलण्याच्या विजेचाही खर्च त्यातून निघत नव्हता. शुद्धीकरण, नळ, माणसे यांची गोष्टच नको. अकरा वर्षे दर न वाढविणे हा लोकाभिमुखपणा समजला गेला. आमच्या मते तो गरिबांवरील अन्याय होता. कारण स्वस्त पाणी ज्याच्या घरी नळ आहे त्यालाच मिळते. ज्याच्या घरी नळ नाही तो टँकर घेतो, आणि टँकरवाला हजार लिटरांस ७ रुपये घेत नाही. मल्लेश्वरम्, बसवनगुडीसारख्या जुन्या वस्त्यांत राहणाऱ्या सभासदांना पाणीपट्टीची रक्कम आठवतसुद्धा नाही, आणि २००७ मध्ये महानगरात आलेल्या ११० खेड्यांच्या परिसरात घर घेतलेली आपलीच तरुण मंडळी कित्येक वर्षे टँकरच्या हिशेबाची वही ठेवीत आली. पाचवा टप्पा मुख्यतः या ११० खेड्यांसाठीच आहे. एप्रिल २०२५ मध्ये दर वाढले तेव्हा तक्रारीचा सूर सर्वांत मोठा निघाला तो आपल्यासारख्या नळवाल्यांकडून, हे येथे सांगणे भाग आहे.

मार्च २०२४ मधील टंचाई आपण सर्वांनी पाहिली. पावसाने दगा दिला, हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या. जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास व बागा शिंपण्यास बंदी केली, ५,००० रुपयांचा दंड ठेवला, आणि मोठ्या इमारती, उपाहारगृहे यांच्या नळांना एरेटर बसविणे सक्तीचे केले. एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाशी बसवावयाची लहानशी जाळी; ती पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार भरलेली दिसते आणि पाणी मात्र कमी जाते. दंडाने मोटारी धुणे थांबले. परंतु दंडाची भीती पावसाळ्याबरोबर वाहून जाते, असा सर्वत्र अनुभव आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. जलमंडळाच्या नळांतूनच एके काळी चाळीस टक्क्यांहून अधिक पाणी हिशेबाबाहेर जात होते; अलीकडे ते प्रमाण तिसाच्या आसपास आले आहे. अशा स्थितीत गृहिणीने तांब्याभर पाणी वाचवून काय साधणार? गळती थांबविणे हे जलमंडळाचे कर्तव्य आहे आणि नागरिकांनी ते मागितलेच पाहिजे. पण घरी वाचविलेले पाणी जाते कोठे, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. बहुतेक वस्त्यांत दिवसाआड, ठरलेल्या वेळी वॉल्व्हमन येऊन चावी फिरवितो आणि प्रत्येक घराचा संप भरू लागतो. (महाराष्ट्रातून नवीन आलेल्या माणसाला 'संप भरला' हे ऐकून चमत्कारिक वाटते, तेथे संप होतो किंवा मिटतो. येथे तो जमिनीखालची टाकी असतो.) नळाच्या सुरुवातीची व उताराची घरे आधी भरतात. त्यांच्या संपातील गोळ्याचा नळ बंद झाला, की दाब पुढे सरकतो आणि पाणी पुढच्या घरी जाते. रांगेच्या टोकाच्या घरापर्यंत ते पोहोचण्याआधीच वॉल्व्हमनची वेळ संपली, तर ते घर त्या दिवशी कोरडे. म्हणजे आपला संप पाणी येण्याच्या वेळी अर्धा भरलेला असेल तर तो लवकर बंद होतो, आणि आपण काल न वापरलेले पाणी आज त्याच गल्लीतील शेवटच्या घरी उतरते. यात जलमंडळाची परवानगी लागत नाही आणि योजनाही लागत नाही. आणि ज्याच्या संपाला गोळाच नाही, ज्याची गच्चीवरची टाकी तासभर ओसंडून वाहते, तो कोणाचे पाणी गटारात सोडतो आहे हेही यावरून उघड व्हावे.

घरातील उपाय आपण जाणताच; त्यांची जंत्री आम्ही वाचीत नाही. दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांगतो. बादलीने स्नान केले तर १५ ते २० लिटर लागतात; शॉवरखाली तेवढे पाणी दोन मिनिटांत जाते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला १५ ते २० लिटर घालवितो, म्हणजे रोज एका माणसाचे स्नान. गाळणयंत्रांपैकी आरओ जातीचे यंत्र लिटरभर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकते. ते फरशी पुसावयास व संडासात वापरता येते. कावेरीचे पाणी मुळातच गोडे असताना या यंत्राची गरज किती घरांना आहे, हेही तपासून पाहावे.

आणि एक खास आपली सवय. ताजे पाणी आले, की कालचे 'शिळे' म्हणून ओतून द्यावयाचे. आडाचे पाणी शेंदून तांब्या-पितळेच्या हंड्यांत भरण्याच्या काळी भांडे रोज घासण्याच्या निमित्ताने ही चाल पडली असावी, आणि तेव्हा ती योग्यही होती. ओतलेले पाणी परसातल्या केळीला, अळूला जात असे. आता ते मोरीतून थेट गटारात जाते. क्लोरीन घातलेले, झाकलेले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. इतकेही मन मानत नसेल तर निदान तुळशीला घालावे, तांदूळ धुतलेले पाणी कढीलिंबाला घालावे. आपल्या आज्या हेच करीत होत्या.

यापुढची गोष्ट छपराची. येथे वर्षाला सरासरी ९७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ३० × ४० फुटांच्या घराचे छप्पर म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. त्यावर वर्षाला एक लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ८६ हजार लिटर हाती येतात, तेही शंभर किलोमीटर न चालता आणि वीज न जाळता, उलट वरून खाली. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन २,४०० चौरस फूट व त्यावरील जागेतील जुन्या घरांना, आणि १,२०० चौरस फुटांवरील नव्या घरांना पर्जन्यजलसंचय सक्तीचा झाला. तो कसा करावा हे दाखविणारे उद्यान जलमंडळाने जयनगरमध्ये विश्वेश्वरय्यांच्या नावाने उभारले आहे. रविवारी मुलांना घेऊन जाण्याजोगे ते ठिकाण आहे.

साठविता येणार नाही ते पाणी जमिनीत मुरविता येते. त्यासाठी साधारण तीन फूट रुंद व वीस फूट खोल विहीर खणतात. हे काम येथे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत ते मण्णु वड्डर. महाराष्ट्रातील माती वडारांचे हे नात्यातले लोक. ज्यांच्या पूर्वजांनी दख्खनभर तळी आणि विहिरी खणल्या, त्यांची कुदळ कूपनलिकांच्या यंत्रांपुढे बेकार झाली होती, ती या मुरविण्याच्या विहिरींमुळे पुन्हा चालू लागली आहे. हा पाणीपुरवठ्याचा सर्वांत स्वस्त विभाग आहे, आणि त्याची मजुरी माणसाच्या हाती पडते.

कावेरीकडे आणखी मागता येईल, हा विचार मनातून काढणेच बरे. या नदीवर मंड्याचा शेतकरी जगतो, तंजावरचा जगतो. तंजावरला तर आपलीच मराठी माणसे साडेतीनशे वर्षे राहिली आहेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाला १४.७५ टीएमसी पाणी वाढवून दिले, त्यांपैकी ४.७५ टीएमसी या शहराच्या तहानेसाठी. म्हणजे आपली तहान न्यायालयाने मोजून दिलेली आहे, आणि ते माप दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून भरले आहे.

शेवटी आपल्या वास्तूविषयी. मंडळाच्या सभागृहाचे छप्पर सुमारे ३,००० चौरस फुटांचे आहे. वर सांगितलेल्या हिशेबाने त्यावरून वर्षाला दोन लाख लिटरांहून अधिक पाणी उतरते आणि आज ते सारे रस्त्यावर जाते. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला मात्र आपण टँकर मागवितो. कार्यकारिणीपुढे आमची विनंती अशी: छपराला पन्हळी व गाळणी बसवावी, मागच्या अंगणात मुरविण्याच्या दोन विहिरी मण्णु वड्डरांकडून खणून घ्याव्यात, संपाला गोळा बसवावा, आणि स्वयंपाकघरातील सर्व नळांना जाळ्या लावाव्यात. सुवर्णमहोत्सवी निधीतून कमानीसाठी ठेवलेली रक्कम या कामी वळविता येईल काय, तेही पाहावे. येथे सर्वांत अधिक पाऊस सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये पडतो. ऑगस्टअखेर पन्हळी बसल्या तर यंदाचाच पाऊस सापडेल.