परतीची वाट शिकविणारा गुरू



विद्यार्थ्याला धोक्याच्या वाटेवर नेण्याचा अधिकार शिक्षकाला आहे काय? हा प्रश्न गिर्यारोहणाच्या इतिहासात एकदा जाहीरपणे विचारला गेला. त्याची हकीकत आल्प्स पर्वतातली आहे.

इंग्लंडमधील विंचेस्टर कॉलेज ही १३८२ साली स्थापन झालेली नामांकित शाळा. तेथील शिक्षक ग्रॅहम अर्व्हिंग यांनी १९०४ च्या उन्हाळ्यात आपल्या दोन विद्यार्थ्यांना आल्प्समध्ये नेले. अर्व्हिंग तेव्हा २७ वर्षांचे होते. विद्यार्थ्यांपैकी एक हॅरी गिब्सन आणि दुसरा १८ वर्षांचा जॉर्ज मॅलरी. मॅलरी उत्तम कसरतपटू होता; परंतु उंच पर्वताचा अनुभव त्याला मुळीच नव्हता. स्थानिक वाटाड्यांना मोल देऊन बरोबर घ्यावे, अशी तेव्हाची रीत. अर्व्हिंग वाटाड्यावाचून जात. त्यामुळे मुलांच्या जिवाची सारी जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या शिरावर होती.

पहिलेच लक्ष्य होते स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील माँ व्हेलाँ. शिखर सुमारे ६०० फूट उरले असता विरळ हवेने दोन्ही मुले आजारी पडली. डोळ्यांसमोर दिसणारे शिखर सोडून अर्व्हिंग त्यांना घेऊन खाली उतरले. त्याच मोसमात पुढे अर्व्हिंग व मॅलरी माँ ब्लाँच्या माथ्यावर पोहोचले. पण शिक्षणाचा खरा आरंभ व्हेलाँवरील त्या माघारीत झाला, असे म्हणावेसे वाटते.

कड्यावरील शिक्षण कसे असते, हेही थोडे पाहावे. त्या काळी वनस्पतीच्या तंतूंचा दोर असे आणि पायांत खिळ्यांचे बूट. दोघे-तिघे एकाच दोरास बांधलेले असत. एकाने चढावे आणि इतरांनी खडकाच्या सुळक्याभोवती दोर टाकून त्याला सांभाळावे, असा क्रम असे. खालचा घसरला तर वरचा त्याला पेलू शके. अग्रणी घसरला तर मात्र दोराचा भरवसा नसे. हात टाकण्यापूर्वी दगड पारखणे, सोबत्याच्या चालीने चालणे आणि हवामान बिघडण्याआधी परतणे, हाच तेथील अभ्यासक्रम.

अर्व्हिंग यांच्या मंडळीला ‘आइस क्लब’ हे नाव पडले. या अनुभवांवर त्यांनी लंडनच्या आल्पाइन क्लबपुढे निबंध वाचला. तो १९०९ साली क्लबच्या नियतकालिकात छापला गेला आणि वादळ उठले. नवख्या मुलांना वाटाड्यावाचून नेण्यास आपली संमती नाही, असे काही सभासदांनी त्याच नियतकालिकातून जाहीर केले. हा विरोध केवळ सनातनीपणाचा म्हणता येणार नाही. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नच्या पहिल्या यशस्वी चढाईनंतर उतरताना १९ वर्षांचा नवखा डग्लस हॅडो घसरला, दोर तुटला आणि सातांपैकी चौघे प्राणास मुकले. हॅडोची शिफारस करणारे अनुभवी पाद्री चार्ल्स हडसन हेही त्या चौघांत होते. विशेष म्हणजे त्या दिवशी वाटाडेही बरोबर होते.

मग खरे कोणाचे? पुढील इतिहास एका बाजूने निकाल देत नाही. आइस क्लबचाच गाय बुलक १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत मॅलरीचा सोबती होता. त्या दोघांसह भारतीय सर्वेक्षण खात्याचे ऑलिव्हर व्हीलर नॉर्थ कोलवर पोहोचले. मॅलरी स्वतः शिक्षक झाला आणि पुढे कवी म्हणून नावाजलेल्या रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज या विद्यार्थ्याला त्याने वेल्सच्या कड्यांवर नेले. गुरूकडून मिळालेले शिष्याने असे पुढे दिले.

परंतु ७ जून १९२२ हा दिवसही विसरता येत नाही. ताज्या हिमातून नॉर्थ कोलकडे जाणाऱ्या तुकडीचे नेतृत्व मॅलरीकडे होते. हिमलोट कोसळला आणि सात भारवाहक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी माघारीचा धडा पाळला गेला नाही. त्याची किंमत इतरांनी मोजली. मॅलरीने स्वतःला दोषी मानले. ८ जून १९२४ रोजी ऑक्सफर्डचा २२ वर्षांचा विद्यार्थी अँड्र्यू अर्व्हाइन याच्यासह तोही एव्हरेस्टवर नाहीसा झाला. त्याचा देह १९९९ साली सापडला.

म्हणून धोका टाळावा की पत्करावा, एवढ्यापुरता हा प्रश्न उरत नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याचा दोर आहे, त्याला ‘आता परत फिरू’ हे शब्द उच्चारता येतात काय, हा खरा प्रश्न आहे. माँ व्हेलाँवर एका तरुण शिक्षकाला ते उच्चारता आले आणि दोन मुले सुखरूप खाली आली. मुलांना सह्याद्रीत वा हिमालयात नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ते ६०० फूट स्मरणात ठेवावेत.