शून्य मेले!

२०२१ च्या पावसाळी अधिवेशनात सरकार संसदेत म्हणालं, हातानं मैला उचलण्यापायी एकही माणूस मेला नाही. शून्य! त्याच अधिवेशनात दुसरा आकडा आला : गटारं नि सेप्टिक टाक्या साफ करताना मेले ९४१. गोम इथंच हाय. २०१३ च्या कायद्यात मैला उचलणारा एका खान्यात, गटारात उतरणारा दुसऱ्या. मग गटारात काय अत्तर वाहतं? आमच्या गोदीत टॅलीवाला फाटकी गोणी 'डॅमेज'मध्ये लिहितो, पण एकूण गोणीतनं ती वगळत नाही. इथं खाना बदलला, की आख्खा माणूस गायब. तवा शून्य ऐकून गप बसू नका. खाने कुणी आखले ते विचारा. आणि आपापल्या वस्तीत गटारात मेलेल्याचं नाव, तारीख, ठेकेदार वहीत उतरवा. येत्या रविवारी वह्या घेऊनच या.