रबरी चाकांची ट्राम आणि आपला हिशेब



आम्ही कामगार चळवळीतील माणसे. नवी गाडी दिसली की आमची नजर आधी तिच्या पोटाखाली जाते. कारण उद्या तिथे आमच्यातलाच कोणी पाना घेऊन आडवा पडणार असतो. आजच्या विषयाकडेही आम्ही तसेच पाहणार आहोत.

नाशिकला रबरी चाकांची विजेची गाडी आणण्याचे राज्य मंत्रिमंडळाने २०१९ साली मान्य केले. तिचे नाव ‘मेट्रो निओ’. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. पुढे वर्षे उलटली, गाडी काही धावली नाही. तेव्हा विचार करण्यास अजून सवड आहे.

लोखंडी चाक रुळावर सहज घरंगळते, त्याला वीज थोडी पुरते. पण चढावर ते घसरते. रबरी चाकाची पकड घट्ट. ते चढ चढते, लवकर थांबते, खडखडाट करीत नाही; मात्र वीज अधिक खाते आणि झिजते. फ्रान्समधील कारखानदारांनी दोहोंचा मेळ घातला. वजन टायरांवर, आणि वाट दाखवायला रस्त्याच्या मधोमध एकच रूळ! दोन रुळांचा खर्च वाचेल, हा हिशेब.

हा हिशेब कुठे चुकला ते आपल्याकडचा बैलगाडीवालाही सांगेल. तेच चाक रोज त्याच जागेवरून गेले की चाकोरी पडते. बसचा ड्रायव्हर गाडी थोडी डावी-उजवी घेतो; या गाडीला ती मुभा नाही. म्हणून रस्ता दबला, दुरुस्ती वाढली. याहून मोठी अडचण निराळीच. दोन रुळांवर कोणत्याही कारखान्याची ट्राम चालविता येते. हा मधला रूळ मात्र ज्याची गाडी त्याचाच. त्याने गाडी बनविणे सोडले की शहर अडकले.

फ्रान्समधील कां शहराने २००२ साली घेतलेली अशी गाडी २०१७ अखेर बंद केली आणि २०१९ साली लोखंडी चाकांची ट्राम आणली. नान्सीने २०२३ मध्ये तिला निरोप दिला. तिथे २०२५ पासून तारेवरच्या विजेची, पण रुळावाचून चालणारी बस धावते. शांघायची गाडीही २०२३ मध्ये थांबली. सर्वत्र असेच झाले असे मात्र नव्हे. इटलीतील पादुआने २००७ पासून ती चालविली, आणि कोलंबियातील मेडेलिनच्या चढावर ती उपयोगी ठरली.

मुंबईची मोनोरेलही रबरी चाकांची, एका तुळईला धरून चालणारी. २०१४ साली ती सुरू झाली. डबे मलेशियाचे, पुढे सुटे भाग मिळेनात. सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणेसाठी सेवा थांबवावी लागली.

नाशिकच्या योजनेत असा रूळ नाही, ही जमेची बाजू. ती मुळात ट्रॉलीबसच आहे, आणि ट्रॉलीबस ‘बेस्ट’ने मुंबईत १९६२ ते १९७१ पर्यंत चालविली होती. पण नवे नाव दिले म्हणून जुने प्रश्न सुटत नाहीत. सुटे भाग कोण देणार? दुरुस्तीची विद्या आपल्या वर्कशॉपमधील कामगाराला शिकविणार, की पेटी उघडायलाही परदेशी माणसाची वाट पाहणार? ज्या कामगाराला यंत्र उघडू देत नाहीत, तो कारागीर राहत नाही, हमाल होतो. आणि गाडी बंद पडली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. त्याच्यामागोमाग उभा असतो थांब्यावर खोळंबलेला प्रवासी.

आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारकडे पाहा. तिथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवितात. पाणी पुरणार नसेल तर उसाचा मोह धरीत नाहीत. शहरांनी एवढे तरी शिकावे. किती माणसे कोठून कोठे जातात ते मोजावे, वीस वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च मांडावा, आणि हा ताळेबंद गाडी घेण्याआधी भर सभेत वाचावा. त्या सभेत प्रवाशाइतकाच वर्कशॉपच्या कामगारालाही बोलू द्यावे.

गाडी रबरी चाकांची असो वा लोखंडी, आमचे भांडण चाकाशी नाही. पैसा लोकांचा असेल तर हिशेबही लोकांपुढे झाला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.